बावीस वेळा नाही

आमच्या मसाज सेंटरच्या फॉर्मवर बावीस प्रश्न आहेत. बीपी आहे का, शुगर आहे का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, गेल्या सहा महिन्यांत ऑपरेशन झालंय का, हाड मोडलंय का, दिवस गेलेत का, ताप आहे का. असे बावीस. हे प्रश्न मी आणि आमच्या जुन्या मालकीणबाई, आम्ही दोघींनी बसून लिहिले होते. बाई फिजिओथेरपीच्या डॉक्टर. मी बारावी नापास. पण हात माझे एकवीस वर्षांचे अनुभवी, त्यामुळे बाई विचारायच्या आणि मी सांगायची.

हे प्रश्न काही हवेतून पडलेले नाहीत. शुगरचा प्रश्न आला एका काकांमुळे. गरम पाण्याच्या टबात पाय घालून ते वीस मिनिटं 'वा, वा, मस्त' करत बसले होते. पाय बाहेर काढले तर तळव्याची कातडी सोललेली. शुगरनं पायांची जाणीवच गेलेली, त्यांना बिचाऱ्यांना पाणी कढत आहे हे कळलंच नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्यांचा प्रश्न आला एका सासूबाईंमुळे. मी नेहमीच्या जोरानं त्यांचे खांदे दाबून दिले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे दोन्ही दंड काळेनिळे. घरात सगळे सुनेकडे संशयानं बघायला लागले. ती सून रडत माझ्याकडे आली, म्हणाली, तुम्हीच चला आणि सांगा. गेले, सांगितलं. तर सांगायचं काय, की त्या फॉर्मवरची एकेक ओळ कुणीतरी भोगलेली आहे.

बाईंनी सेंटर विकलं आणि नवा मॅनेजर आला. ह्याला आम्ही पाठीमागे 'सात मिनिटं' म्हणतो. कारण आल्या आल्या त्यानं घड्याळ लावून मोजलं की गिऱ्हाईकाला फॉर्म भरायला सात मिनिटं लागतात. दिवसाला इतकी गिऱ्हाइकं, गुणिले सात, म्हणजे इतके तास वाया. मग त्यानं काय करावं? फॉर्म छापून आणले, त्यात बावीसच्या बावीस प्रश्नांपुढे 'नाही'च्या चौकोनात बरोबरची खूण आधीच छापलेली! आणि बरं, खूण कशी? निळ्या रंगाची, जराशी तिरकी, अगदी पेनानं केल्यासारखी. गिऱ्हाईकानं खाली सही करायची, झालं.

तो गठ्ठा पाहिला तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच त्याच्या केबिनमध्ये शिरले. म्हटलं, "साहेब, हे काय आहे?"

"मोठ्या ताई, बसा ना," तो हसून म्हणाला. हा माणूस कायम हसतो, दात दुखत असले तरी हसेल. "लोक इथे कशाला येतात? आरामाला. आल्या आल्या त्यांना हार्ट, फिट्स, कॅन्सर असलं वाचायला लावायचं? मूड जातो हो."

"मूड गेला तर परत येईल. माणूस गेला तर?"

"असं अभद्र बोलू नका. आणि ज्याला काही आजार असेल तो सांगेलच की स्वतःहून."

अहो, कोण सांगतं? लोकांना आपला आजार आजार वाटतच नाही! गोळी चालू आहे म्हणजे बीपी 'नाही'. प्लॅस्टर निघालं म्हणजे हाड मोडलेलं 'नाही'. तिसरा महिना अजून दिसत नाही म्हणून तोही 'नाही'. विचारलं तर दहा वेळा फिरवून विचारावं लागतं, आणि हा म्हणतो स्वतःहून सांगतील. दोन महिने मी भांडले. शेवटी मी माझ्यापुरतं ठरवलं, आपण माणूस टेबलावर घेतल्यावर तोंडीच विचारायचं. त्यावरही मला समज मिळाली, की गिऱ्हाईकाशी गप्पा मारू नका.

मोठी ताई म्हणजे मी, आणि सेंटरमध्ये धाकटी म्हणतात ती माझी जाऊ. आम्ही सख्ख्या जावा. एका घरात राहतो, एका ओट्यावर स्वयंपाक करतो आणि एकाच जिन्यानं वर चढून एकाच ठिकाणी कामाला येतो. दिरांची नोकरी गेली तेव्हा मीच तिला इथे चिकटवली. सहा महिने हाताखाली घेऊन शिकवलं. तिचा हात माझ्याहून हलका आहे. हे मी तिला तोंडावर कधी म्हटलेलं नाही.

तर त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला पंच आले.

पंच म्हणजे फुटबॉलचे पंच. पंचवीस वर्षं मैदानावर शिट्टी मारून निवृत्त झालेले. ताठ मान, पांढऱ्या मिशा, आणि बोलणं असं की समोरच्याला आता कार्ड दाखवणार. बरोबर त्यांची बायको, छोटीशी, शांत, खांद्याला मोठी थोरली पिशवी. पंचांची मुलगी एका मोठ्या ऑफिसात अधिकारी होती आणि त्या ऑफिसच्या सगळ्या लोकांसाठी आमच्या सेंटरचं सभासदत्व घ्यायचं तिच्या हातात होतं. म्हणून सात मिनिटं स्वतः दारापर्यंत गेला, पंचांना हाताला धरून आत आणलं. फॉर्म पुढे केला, पंचांनी न वाचता सही ठोकली. बायको बाहेर बाकावर बसली आणि मी पंचांना दोन नंबरच्या खोलीत घेतलं.

"उजवी पोटरी," ते टेबलावर पालथे झोपता झोपता म्हणाले. "गोळा आलाय. चांगला जोर लावून मोकळा करा. चार दिवस झोप नाही."

मी चादर बाजूला केली. तेल घ्यायच्या आधी मी नेहमी कोरडा हात ठेवते. दोन्ही पायांवर दोन हात, एकाच वेळी. डावी पोटरी थंड, मऊ, वयाप्रमाणे. उजवी गरम. नुसती कोमट नाही, गरम. आणि टणक, तकतकीत, बोटानं दाबलं की खड्डा राहत होता.

"काका, ह्या पायाला काही झालं होतं का?"

"काही नाही."

"पडलात, मुरगळला, काही?"

"अहो, घोट्याचं हाड क्रॅक झालं होतं. सहा आठवडे प्लॅस्टर होतं. आठ दिवस झाले काढून. ते बरं झालंय. मी पोटरीबद्दल बोलतोय."

माझे हात मी तिथल्या तिथे उचलले. सहा आठवडे पाय हलला नाही, मग एकच पोटरी सुजते, तापते, दुखते. बाईंनी मला ही एक गोष्ट इतक्या वेळा सांगितली होती की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवेन. आत शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. तिथे चोळलं तर ती सुटते, आणि सुटली की वर छातीत जाते. मग माणूस उठता उठता बसतो तो बसतोच.

"काका, मी ह्या पायाला हात लावणार नाही," मी म्हटलं. "तुम्ही आधी दवाखान्यात जा. आज. आत्ता. हा गोळा नसेल कदाचित."

पंच कोपरावर उठले. "तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही."

"मग निदान कसलं करताय? फॉर्म भरून घेतलाय ना माझ्याकडून? त्यात सगळं आलं ना?"

"त्यात काही आलेलं नाही काका, त्यात..."

"मॅनेजर!" पंच ओरडले. शिट्टी नव्हती एवढंच.

सात मिनिटं धावतच आला. मी त्याला बाहेर ओढला, पॅसेजमध्ये, आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. माझा हळू आवाज म्हणजे खालच्या काचेच्या दुकानात ऐकू जातो, पण तरी. प्लॅस्टर, सूज, गरम पाय, गुठळी. म्हटलं, "ह्यांना मसाज द्यायचा नाही. कुणीच द्यायचा नाही. दवाखान्यात पाठवा."

त्याचं हसू जरा आवळलं. मग म्हणाला, "बरोबर आहे ताई. तुमचं बरोबर आहे. मी समजावतो त्यांना. तुम्ही चिडलाय, तुम्ही बोललात तर ते आणखी बिघडतील. तुम्ही जरा मागे टॉवेलचं बघता का?"

आणि मी गेले! एकवीस वर्षं माणसांच्या पाठी वाचल्या, आणि समोरच्या माणसाचं तोंड मला वाचता आलं नाही. माझा जीव भांड्यात पडला होता, निदान ह्या वेळी तरी ह्यानं ऐकलं म्हणून. मागच्या खोलीत धुतलेल्या टॉवेलांचा ढीग होता. त्यांच्यावर मी सगळा राग काढला. एकेक टॉवेल झटकून, आपटून, घडी घालून रचला. सगळा ढीग संपला तेव्हा म्हटलं, गेले असतील एव्हाना.

टॉवेल घेऊन पॅसेजमध्ये आले तर दोन नंबरच्या पडद्यामागून पंचांचा आवाज आला.

"हां, तिथेच. अजून जोर लाव. घाबरतेस काय!"

माझ्या हातातले टॉवेल कुठे पडले मला माहीत नाही. पडदा मी ओढला की फाडला तेही माहीत नाही. आत माझी जाऊ उभी होती, तेलानं चकाकणारे हात, दोन्ही अंगठे पंचांच्या उजव्या पोटरीत रुतवलेले.

"हात काढ!" मी ओरडले. "अगं हात काढ आधी!"

तिनं चटका बसल्यासारखे हात मागे घेतले आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"किती वेळ चोळतेयस?"

"दहा... दहा मिनिटं झाली असतील. साहेब म्हणाले, तुम्हाला बरं नाहीये, तू घे. म्हणाले, फॉर्म बघितलाय, सगळं 'नाही' आहे."

पंच उठून बसले, लाल झालेले. "हा काय तमाशा आहे? ही मुलगी चांगली करत होती! बरं वाटत होतं मला!"

सात मिनिटं पडद्यातून आत आला. हसत होता, पण घाम फुटला होता. "सर, सॉरी सर. मोठ्या ताईंची तब्येत आज..."

"माझी तब्येत ठणठणीत आहे!" मी म्हटलं. "ह्या माणसाच्या पायात गुठळी असू शकते, मी तुम्हाला सांगितलं, तुम्ही हो म्हणालात, आणि मला टॉवेल मोजायला पाठवून ह्या पोरीला त्यांच्या पायावर सोडलंत! लाज वाटते का?"

"आवाज खाली, ताई. बाहेर लोक आहेत."

"असू देत! सगळ्यांना कळू दे!"

"मी जातो," पंच म्हणाले आणि पाय टेबलावरून खाली सोडायला लागले. "समोरच्या रस्त्यावर दुसरं सेंटर आहे. तिथे जाऊन दाबून घेतो. तिथे तरी प्रवचन नसेल."

आता काय करावं माणसानं? मी दारात आडवी उभी राहिले. पंच म्हणाले, बाजूला व्हा. मी म्हटलं, नाही होणार. जाऊ रडायला लागली. मॅनेजर म्हणाला, ताई, ही शेवटची ताकीद. आणि ह्या सगळ्या गोंधळात माझ्या पाठीमागून एक बारीक आवाज आला.

"कुठला पाय?"

पंचांची बायको होती. बाकावरून उठून आत आली होती. मी बाजूला झाले. म्हटलं, "काकू, उजवा. बघा, सुजलाय डाव्यापेक्षा."

"काही सुजलेला नाही," पंच म्हणाले. "हिला काय कळतंय?"

काकूंनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. त्या कपडे बेतून द्यायचं, उसवून बसवून द्यायचं काम करायच्या, हे मला नंतर कळलं. पिशवीतून त्यांनी मोजपट्टी काढली, चष्मा नाकावर ओढला आणि गुडघ्यावर बसल्या. उजव्या गुडघ्याखाली चार बोटं मोजून पट्टी गुंडाळली. आकडा बघितला. डाव्या पायाला तसंच. मग पुन्हा उजव्याला, कारण शिवणारी बाई एकदा मोजून कधी कापत नाही.

"साडेतीन सेंटिमीटरचा फरक आहे," त्या म्हणाल्या.

"खेळाडूचा पाय आहे, फरक असणारच," पंच म्हणाले.

"पँट मी शिवते तुमची. चाळीस वर्षं दोन्ही पाय सारखे बेततेय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कशाची भीती आहे, स्पष्ट सांगा."

मी सांगितलं. ह्या वेळी खरंच हळू. काकूंनी ऐकून घेतलं आणि पट्टी गुंडाळली.

"दवाखान्यात जायचं," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"मी निर्णय..."

"तुम्ही निवृत्त झालात ना? आता शिट्टी माझ्याकडे आहे."

पंच आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसले असावेत. आणि मग मला दिसलं की ते गप्प फक्त बायकोमुळे बसलेले नाहीत. त्यांनी हात छातीवर उजवीकडे ठेवला होता आणि श्वास छोटा छोटा घेत होते. "जरा टोचतंय," म्हणाले. "बसल्यामुळे असेल."

"अँब्युलन्स बोलवा," मी मॅनेजरला म्हटलं.

तर हा महाभाग काय म्हणतो? "ताई, आपल्या दारात अँब्युलन्स? आरामाचं ठिकाण आहे हे. लोक काय समजतील? मी माझी गाडी काढतो, ते जिना उतरून..."

त्याच्या हातातला फोन मी काढून घेतला आणि मीच लावला. लिफ्ट बंद होती, ती नेहमीच बंद असते. पंचांना चालू द्यायचं नव्हतं. खालच्या काचेच्या दुकानातले दोघं जण मी खिडकीतून हाक मारून वर बोलावले. दिवसभर मोठमोठ्या काचा ह्याच जिन्यावरून चढवणारी माणसं ती. त्यांनी पंचांना खुर्चीसकट उचललं आणि वळणावर एकमेकांना 'सावकाश, सावकाश' करत असं अलगद खाली नेलं की खुर्चीचा पाय भिंतीला लागला नाही. काकू पुढे दोन पायऱ्यांवर, पंचांचे बूट हातात घेऊन.

दुपारी मी गिऱ्हाइकं केली. काय केली मला विचारू नका. धाकटी पँट्रीत स्टुलावर बसून होती, पाणीसुद्धा प्यायली नाही. साडेतीनला रिसेप्शनवरच्या मुलीनं मला हाक मारली. काकूंचा फोन होता.

सोनोग्राफी झाली होती. गुठळी पोटरीपासून गुडघ्याच्या वर मांडीपर्यंत होती. आणि तिचा एक तुकडा सुटून फुप्फुसात गेला होता. छोटा होता म्हणून निभावलं, डॉक्टर म्हणाले. ऑक्सिजन लावला होता, रक्त पातळ करायची औषधं चालू केली होती. वाचतील, पण दोन दिवस डोळ्यांत तेल घालून बघावं लागेल.

"डॉक्टरांनी विचारलं, पाय कुणी चोळला का?" काकू म्हणाल्या. "मी हो म्हटलं. मग विचारलं, चोळल्यामुळेच झालं का? ते म्हणाले, सांगता येत नाही. आधीच सुटला असेल, किंवा त्या दहा मिनिटांत सुटला असेल." मग त्या म्हणाल्या, "मला एक सांगाल? तुमच्या फॉर्मवर प्लॅस्टरचं विचारलेलं नव्हतं का हो? ह्यांनी लिहिलं कसं नाही?"

सात मिनिटं माझ्या समोरच उभा होता. रिसीव्हरमधून सगळं ऐकू येत होतं. त्याच्या हातात पंचांचा फॉर्म होता, प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये घातलेला, देवाच्या फोटोसारखा. त्यानं रिसीव्हरवर हात ठेवला.

"सांगा, त्यांनी 'नाही' लिहिलंय म्हणून," तो कुजबुजला. "सही आहे त्यांची. हा कागद आहे म्हणून आपण वाचलो."

"हे त्यांनी लिहिलेलं नाही. तुम्ही छापलंय."

"सही कुणाची आहे? आणि मोठ्या ताई," तो आता हसत नव्हता, "पोटरीवर हात कुणाचे होते? माझे होते का? तुमच्या जावेचे होते. विचार करून बोला."

मला वाटतं आयुष्यात मी इतकी कधी चिडले नसेन. नवऱ्यावर नाही, सासूवर नाही, कुणावर नाही. माणूस तिकडे नळ्या लावून पडलाय आणि हा कागदाला कव्हर घालतोय! आणि वर माझ्याच घरातली पोरगी माझ्यासमोर धरतोय. त्याचा हात मी रिसीव्हरवरून उचलून बाजूला ठेवला.

"काकू, ऐका," मी म्हटलं. "फॉर्मवर प्लॅस्टरचं विचारलेलं आहे. पण उत्तर आम्हीच आधी छापून ठेवलं होतं. बावीसच्या बावीस प्रश्नांना 'नाही'. काकांनी फक्त सही केली. मी मॅनेजरला सांगितलं होतं की ह्या पायाला हात लावायचा नाही, तरी त्यांनी माझ्या जावेला पाठवलं. तिला काही सांगितलं नव्हतं. हे मी डॉक्टरांना, तुमच्या मुलीला, पोलिसांना, ज्यांना म्हणाल त्यांना सांगेन. तसले छापील फॉर्म गठ्ठ्यानं इथे पडलेत, एक तुम्हाला आणून देते."

मग काकू म्हणाल्या, "आणा." आणि फोन ठेवला.

"उद्यापासून येऊ नका," सात मिनिटं म्हणाला. "दोघीही."

"उद्या माझी सात गिऱ्हाइकं आहेत," मी म्हटलं. "त्यांना काय सांगायचं ते तुम्ही छापून ठेवा." मी ड्रॉवर उघडून चांगले दहा फॉर्म काढले, पर्समध्ये कोंबले, एप्रन काढून काउंटरवर टाकला आणि जावेला घेऊन जिना उतरले.

दुपारचं ऊन रस्त्यावर होतं. दवाखाना तीन चौक पुढे होता. मी पुढे, ती मागे, असं आम्ही चालत होतो, आणि माझं तोंड चालू होतं. मॅनेजरचा उद्धार केला, मालकाचा केला, छापखान्याचा केला. म्हटलं, त्यांना कोर्टात खेचते का नाही बघ. म्हटलं, तू काही मनाला लावून घेऊ नकोस, तुझा काय दोष, तुला कुठं माहीत होतं.

"माहीत होतं," ती म्हणाली.

मी थांबले. ती औषधाच्या दुकानाच्या पायरीपाशी उभी होती, ओढणी हातात पिळत.

"मला लागलं होतं ताई हाताला. पाय गरम होता. एकाच बाजूचा. तुम्ही शिकवलेलं मला सगळं आठवलं."

"मग?" माझा आवाज चढला. "मग दाबलास का? अगं, आठवलं तर दाबलास का! मला विचारायला काय झालं होतं? दहा पावलांवर होते मी!"

"आले होते."

"कुठे?"

"टॉवेलच्या खोलीपर्यंत. त्यांना म्हटलं तेल आणते, आणि आले. दार उघडंच होतं. तुम्ही पाठमोऱ्या होतात आणि टॉवेल आपटत होतात." तिनं माझ्याकडे बघितलं नाही. "मागे एकदा विचारलं होतं ना मी तुम्हाला, त्या बाईंच्या मानेबद्दल, की चक्कर येते म्हणतायत, करू का नको. तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, हात आहेत का लाकडं, सहा महिने काय झोपा काढल्यास. सगळे हसले होते. म्हणून म्हटलं, आज तर तुम्ही आधीच चिडलायत. दारातनं परत गेले."

ती कुठली बाई, कुठली मान, मला काही आठवेना. खूप आठवून बघितलं. असं मी रोज काहीतरी बोलते. बोलते आणि विसरते. ही चार पावलं अलीकडे उभी होती, तिच्या तोंडात प्रश्न होता, तो बरोबर प्रश्न होता, आणि ती माझ्या पाठीला बघून परत गेली. मॅनेजरनं तिला खोलीत एकदा ढकललं. दुसऱ्यांदा ती गेली ती माझ्यामुळे.

माझ्या तोंडात शिव्या तयार होत्या, पण त्या कुणाला द्यायच्या तेच कळेना. मी त्या पायरीवर बसले. दुकानदार बाहेर येऊन म्हणाला, बरं नाही का बाई? मी म्हटलं, नाही. मग म्हटलं, म्हणजे बरं आहे, पाणी द्या फक्त.

जाऊ शेजारी येऊन बसली. पाण्याचा पेला आधी तिला दिला. सकाळपासूनचं पाणी ती एका दमात प्यायली.

"तुझा हात माझ्याहून चांगला आहे," मी म्हटलं. "तुला कळलं होतं. आता तिकडे काकूंना मी सगळं सांगणार, हेही सांगणार, की तू विचारायला आली होतीस."

"नको ना ताई."

"सांगणार. आणि ह्यापुढे शंका आली की मला येऊन विचारायचं. मी कशीही असले तरी."

"ओरडाल," ती म्हणाली.

खोटं बोलायची माझी खूप इच्छा झाली. "ओरडेन," मी म्हटलं. "माझा स्वभाव आता काय बदलणार? पण तू दारातनं परत जायचं नाहीस. ओरडून झालं की सांगेन."

ती हो म्हणाली नाही. तिनं पेला परत दिला आणि आम्ही दवाखान्याच्या दिशेनं निघालो. ह्या वेळी मी तिला पुढे चालायला लावलं.